आमचा हिरवा चहा आणि त्यांचा हिरवा चहा

तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर बचत गटाची बैठक होती. गटात बाराजणी. बहुतेक वारली, दोघी मल्हार कोळी. बैठकीपुढे दोनच विषय होते : एका बाईचं थकलेलं कर्ज आणि 'नवीन व्यवसाय'. मी डहाणूहून गेले होते ती कर्जाच्या विषयासाठी. पण तो विषय पाच मिनिटांत आटोपला, कारण दुसऱ्या विषयाची पाहुणी आधीच येऊन बसली होती.

पाहुणी तरुण होती, बोलायला गोड होती. तिने पिशवीतून आधी वजनकाटा काढला आणि नंतर चहाची खोकी. 'ग्रीन टी', वजन उतरवणारा. दिवसातून तीन पुड्या, जेवणानंतर एकेक. महिन्यात पोट आत. गटाने पंधरा हजार रुपये भरून माल उचलायचा, आपण प्यायचा, पाड्यात आणि कारखान्यातल्या मैत्रिणींना विकायचा. आणि आपल्यासारख्या आणखी तिघी जोडल्या की त्यांच्या विक्रीवरही पैसे.

एक म्हातारी मावशी पुढे सरकली. खोक्यावरचं हिरवं पान तिने निरखून पाहिलं आणि विचारलं, "हिरवा चहाच ना? मग तो तर माझ्या न्हाणीच्या पाण्यावर वाढलाय. फुकट."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण पुढच्या अर्ध्या तासात हसू जिरलं. म्हणून हा लेख.

आधी शब्दाचा गोंधळ निस्तरू. आपल्याकडे 'हिरवा चहा' म्हणजे गवती चहा, पातीचा चहा. गुजराती शेजारणी त्याला 'लीली चा' म्हणतात. ते गवत आहे. पावसात सर्दीतापाला आलं घालून उकळायचं. खोक्यातला हिरवा चहा वेगळा. तो आसाम-दार्जिलिंगच्या चहाच्याच झुडपाचा पाला. काळ्या चहाची पानं चुरून काळपट होऊ देतात. हिरव्याची तोडल्याबरोबर वाफेवर किंवा कढईत तापवतात, म्हणून ती हिरवी राहतात. झाड एकच. काळ्यात आहे ते कॅफिन हिरव्यातही आहे. घशाला जे तुरट लागतं तेही आहे, फक्त रूप थोडं वेगळं. म्हणजे हे काही संजीवनीचं रोप नाही. रोज सकाळी आपण उकळतो त्याचंच भावंड आहे.

वजन खरंच उतरतं का?

हा प्रश्न मी टाळणार नाही. बाजार वाईट आहे असं म्हणून भागत नाही. वस्तू काम करते का, हेही पाहिलं पाहिजे.

औषधोपचारांवरचे जगभरचे प्रयोग एकत्र तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिने २०१२ साली हिरव्या चहाचे प्रयोग तपासले : अठरा प्रयोग, जवळजवळ दोन हजार माणसं, सगळी मुळात जास्त वजनाची, आणि बहुतेकांना दिला तो साधा चहा नव्हे तर त्याचा अर्क. जपानबाहेरचे प्रयोग एकत्र केले तेव्हा चहा घेणारे आणि न घेणारे यांच्यातला सरासरी फरक निघाला ४० ग्रॅम. होय, ग्रॅम. कोंबडीचं एक अंडं याहून जड असतं. जपानमधल्या प्रयोगांत काही ठिकाणी जास्त फरक दिसला, पण ते प्रयोग एकमेकांशी इतके जुळत नव्हते की त्यांची बेरीज करता येईना. निष्कर्ष असा की, तब्येतीला उपयोग व्हावा इतकं वजन या चहाने उतरण्याची शक्यता नाही.

मग शेजारणीचं चार किलो कसं उतरलं? उतरलं असेल. ती दुधासाखरेचे पाच कप सोडून बिनसाखरेचा चहा प्यायला लागली, रात्रीचा भात निम्मा केला, संध्याकाळी चालायला लागली. उतरलं त्याने. श्रेय मात्र खोक्याला.

आणि अर्काच्या गोळ्यांपासून तर दोन हात लांबच राहा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं की, हिरव्या चहातल्या मुख्य द्रव्याचे दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त, गोळ्यांच्या रूपात पोटात गेले तर यकृताला इजा होत असल्याच्या खुणा रक्तात दिसतात. साध्या उकळलेल्या चहाची तशी भीती नाही. पण 'नैसर्गिक आहे, अपाय कसला?' हे वाक्य यापुढे कोणी तोंडावर फेकलं, तर हे लक्षात असू द्या.

वजनकाट्यावरची मुलगी

त्या दिवशी पाहुणीने एकेकीला काट्यावर उभं केलं. शेवटी एक एकोणीस वर्षांची मुलगी चढली. उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाते. पहाटे साडेपाचला घर सोडते, रात्री आठला परत. वजन ४१ किलो. उंची आम्ही नंतर भिंतीवर रेघ मारून मोजली : १५२ सेंटिमीटर. हिशोब केला तर तिचा बांध्याचा निर्देशांक पावणेअठराच्या आसपास येतो. साडेअठराच्या खाली म्हणजे कमी वजन. ही पोर डॉक्टरी भाषेत कुपोषित आहे.

पाहुणी तिला म्हणाली, "वजन ठीक आहे, पण पोट दिसतंय. एक खोकं घे."

आणि मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मी घेतेच आहे. कारखान्यातल्या मुली घेतात. दुपारी डब्याऐवजी पिते. भूक लागत नाही."

मैत्रिणींनो, माझा राग तिथे सुरू होतो.

भूक मारणारा चहा डहाणू-तलासरीला नवीन नाही. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, पुढचं भात अजून शेतात असतं, तेव्हा पाड्यापाड्यांवर बाई काय पिते? कोरा चहा. सकाळी तो पिऊन आवणीला जाते. भाकर असेल ती पोरांना आणि नवऱ्याला. आपल्या वाट्याला गूळ किंवा साखर घातलेलं काळं पाणी. भूक दबते, चक्कर तेवढी टळते. याला आपण गरिबी म्हणत आलो, अन्याय म्हणत आलो, याविरुद्ध मोर्चे काढले. आता तीच गोष्ट चकचकीत खोक्यात घालून, साखर काढून, दसपट किमतीला त्याच बाईच्या मुलीला विकतात आणि त्याला 'फिटनेस' म्हणतात. आईची उपासमार सक्तीची होती. लेकीची तिने स्वतःच्या पगारातून विकत घेतली आहे.

रक्त कुठे जातं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे पाहा. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी. २०.८ टक्के बायकांचं वजन कमी, २३.४ टक्क्यांचं जास्त. हे सबंध राज्याचे आकडे आहेत, मुंबई-पुण्यासकट. आमच्या भागात कुपोषण काय करतं ते १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं होतं. ती मुलं अशाच रक्त नसलेल्या आयांच्या पोटची होती.

आता चहाचं काम पाहा. नागली, डाळ, टाकळा, कुर्डू यांतलं लोह शरीरात मुळातच कमी जिरतं. चहातली तुरट द्रव्यं त्या लोहाला पोटातच धरून ठेवतात आणि ते रक्तात जायच्याऐवजी बाहेर पडतं. हे काळा चहाही करतो आणि हिरवाही. जेवणासोबत किंवा जेवल्याबरोबर प्यायला तर सर्वांत जास्त. तासाभराचं अंतर ठेवलं तर बरंच कमी. आणि खोक्यावर काय लिहिलंय? 'जेवणानंतर एक कप.' म्हणजे रक्त नसलेल्या बाईने भाकरीभाजीतून मिळवलेलं थोडंथोडकं लोहही या कपाने धुऊन न्यायचं.

इथे माझं स्वतःचं सांगते, नाहीतर उपदेश होईल. पाळी गेल्यावर माझं वजन अकरा किलोंनी वाढलं. मोर्च्यात घोषणा देणारी मी, आरशासमोर मात्र पदर ओढून घेऊ लागले. भाचीने हिरव्या चहाचं खोकं आणून दिलं. कोणाला न सांगता मी वर्षभर प्यायले, दुपारी जेवल्याबरोबर, नियमाने. वजन दीड किलो उतरलं आणि परत चढलं. वर्षअखेरी धाप लागते म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२. सगळा दोष चहाचा असं मी म्हणणार नाही. माझं खाणंही त्या वर्षी अर्ध्यावर आलं होतं. पण गावोगाव 'रक्त तपासून घ्या' म्हणत फिरणारी बाई स्वतःचं रक्त विसरली, हे खरं. ही लाज मला आरशाने शिकवली की बाजाराने, याचा विचार करते तेव्हा दोघांचे हात एकमेकांत गुंतलेले दिसतात.

१९९४ साली एकाच वर्षात दोन भारतीय मुलींच्या डोक्यावर जगाचे मुकुट चढले. १९९६ साली बंगलोरला जागतिक सौंदर्यस्पर्धा भरली तेव्हा स्त्री संघटनांनी निदर्शनं केली. लोक म्हणाले, 'या बायकांना कशाचंही वावडं.' आज तो मुकुट तलासरीच्या पाड्यावर वजनकाट्याच्या रूपाने आला आहे. आणि काटा घेऊन येणारी आपलीच कोणीतरी बहीण आहे, महिन्याचा 'टार्गेट' भरायला धावणारी.

"पण ताई..."

माझ्याशी वाद घालणाऱ्या मैत्रिणी आहेत, आणि त्यांचं म्हणणं ऐकलं पाहिजे.

एकजण म्हणते, "वजन वाढणं हा आजारच ना? आमच्या डहाणूच्या बाजारपेठेत चाळिशीतल्या बायकांना साखर, गुडघे, रक्तदाब. त्यांनी काय करायचं?" बरोबर आहे. वजनाचा प्रश्न खोटा नाही. पण तो का आला ते विचारा. रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतो, डाळ आणि तेल महाग. पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्या दारात लटकलेल्या, अंडं मात्र दुकान शोधून आणायचं. फुग्यांच्या कारखान्यात किंवा पॅकिंगला एका जागी दहा तास. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते, म्हणजे भात. चालायला जायचं तर रस्त्यावर दिवा नाही आणि 'एकटी कुठे निघाली' ही नजर. अशी बाई जाडही होते आणि रक्तक्षयीही. एकाच अंगात दोन्ही. तिला चहाची पुडी देणं म्हणजे गळक्या घराला रंग देणं. तिला ताटात डाळ, अंडं, मासळी आणि भाजी हवी. भात कमी चालेल. रोज अर्धा तास स्वतःचा हवा आणि सरकारी दवाखान्यात साखर तपासणी हवी. आणि हो, तिच्या जाडीवर हसणारी तोंडं बंद व्हायला हवीत. आपल्या बैठकांतलीसुद्धा.

दुसरी म्हणते, "बायकांना चार पैसे मिळतात, तुमचं काय जातं?" याचं उत्तर आम्ही त्या दिवशी फळ्यावर मांडलं. खोक्यात पंचवीस पुड्या, किंमत ३५० रुपये. एक पुडी १४ रुपयांना. दिवसाच्या तीन म्हणजे ४२ रुपये. आमच्या बाजारात सात रुपयांना अंडं मिळतं, म्हणजे रोजची सहा अंडी. महिन्याला १,२६० रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. चार दिवस माती उचलायची आणि वर बारा रुपये घालायचे, तेव्हा एका बाईचा एका महिन्याचा चहा. हा चहा पाड्यावर कोण घेणार? कोणी नाही. मग पैसे येणार कुठून? नवीन बायका जोडण्यातून. शेवटच्या बाईच्या घरात खोकी पडून राहणार आणि गटाचं कर्ज तिच्या नावावर. सभासद जोडण्यावरच पैसे देणाऱ्या अशा पिरॅमिड योजनांना २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी बंदी आहे. पण नियम पाड्यापर्यंत चालत येत नाहीत, ते आपल्याला आणावे लागतात.

जाहिरातीचंही तसंच. १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय यांविषयीच्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे. लठ्ठपणावर औषध म्हणून जाहिरात करता येत नाही. म्हणून हे औषध म्हणवून घेत नाहीत, 'आरोग्यपेय' म्हणवतात. पण मग अन्नसुरक्षेचा २००६चा कायदा लागू होतो. खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर दहा लाखांपर्यंत दंड आहे. 'महिन्यात पोट आत' हे छापील आश्वासन हाती पडलं तर ते फाडू नका. जपून ठेवा, तो पुरावा आहे.

पाला खुडणारे हात

आणखी एक हिशोब राहिला. तो पाला खुडतं कोण? बायकाच. आसामच्या मळ्यांत, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी छोटानागपूरकडून नेलेल्या आदिवासींच्या लेकीसुना. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात २०२३ साली त्यांची रोजची मजुरी २५० रुपये ठरली. आपल्या पाहुणीच्या भावाने अठरा पुड्यासुद्धा येत नाहीत त्यात. केरळात मुन्नारच्या मळ्यांतल्या बायकांनी २०१५ साली संप केला, तेव्हा त्यांना दिवसाला २३२ रुपये मिळत होते. त्यांनी पुरुष पुढाऱ्यांना बाजूला सारलं, 'पोंबिळै ओरुमै', म्हणजे बायकांची एकी, हे नाव घेतलं, रस्ता अडवला आणि वीस टक्के बोनस घेऊनच उठल्या.

ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तेव्हा मावशी म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्यांनी गवताचा संप केला होता तसाच." तिला शिकवावं लागलं नाही. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावी वारली जमले, गोदावरी परुळेकरांसह वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. त्याच वर्षी गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला, गोळीबार झाला, माणसं गेली. सावकाराचं गवत उपाशीपोटी कापायचं नाही, पोटभर मजुरी हवी, यासाठी. पोट भरण्यासाठी लढलेल्या मुलखात आज पोट रिकामं ठेवण्याची पुडी विकली जाते आहे. आणि आपण गप्प बसायचं?

त्या दिवशी काय ठरलं

फार मोठा विजय झाला असं सांगणार नाही. मतदान झालं. पंधरा हजार देऊ नयेत म्हणून सातजणी, द्यावेत म्हणून पाच. गटाचे पैसे वाचले. पण त्या पाचांपैकी दोघींनी स्वतःच्या पैशाने एकेक खोकं घेतलंच. त्यांना मी काही बोलले नाही. माझ्याही फडताळात वर्षभर खोकं होतं.

पॅकिंगला जाणारी मुलगी नंतर माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "ताई, डबा खायला वीसच मिनिटं देतात. हात धुवायला रांग, बसायला जागा नाही. चहा उभ्याने होतो." बघा, मी इतका वेळ चहावर बोलत होते. प्रश्न जेवणाच्या सुट्टीचा होता.

म्हणून, मैत्रिणींनो, मागण्या अशा करू या.

कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींना अर्ध्या तासाची खरी सुट्टी, बसायला जागा आणि पिण्याचं पाणी. अर्ध्या तासाची सुट्टी कारखाना कायद्यातच होती, ती कोणी दान म्हणून मागत नाही.

अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि बाळंतीण बायकांना एक वेळचं पूर्ण जेवण देण्यासाठी आहे. आपल्या अंगणवाडीत ते ताट रोज येतं का, त्यात अंडं असतं का, बाई ते तिथेच बसून खाते की घरी नेऊन सगळ्यांत वाटते, हे गटाने जाऊन बघावं आणि ग्रामसभेत बोलावं.

प्रत्येक गटाने वर्षातून दोनदा सगळ्यांचं रक्त तपासून घ्यावं. वजनकाटा आणायचाच तर तोही आणू. पण कोण जाड, ते शोधायला नव्हे. कोणाच्या ताटात काही पडत नाही, ते कळावं म्हणून.

आणि चहा? प्या की! काळा प्या, हिरवा प्या, आवडत असेल तर प्या. जेवणाला तासभर सोडून प्या, जेवणाऐवजी पिऊ नका. मावशीच्या न्हाणीमागचा पातीचा प्या. तो कोणाला सडपातळ करत नाही, आणि तसं वचनही देत नाही.

तुमच्या भागात अशी खोकी, पावडरी, पट्टे विकायला कोणी आलं असेल, गटाचे पैसे अडकले असतील, तर लिहा. नावं छापणार नाही. पण हिशोब छापू.